वरकस जमिनीचा खेळ

भिवंडीच्या माणसाने गोल्फवर लिहावे, हे प्रथमदर्शनी विसंगतच वाटेल. आमच्या गावाची ओळख यंत्रमागांच्या खडखडाटाने होते. अलीकडे ती महामार्गालगतच्या गोदामांच्या पत्र्यांनी होऊ लागली आहे. ज्या खेळात चेंडू मारताना शेजारच्याने खोकू नये असा दंडक आहे, त्या खेळाशी या गावाचे काय नाते असणार? तथापि सुताच्या व्यापारातल्या स्नेह्यांमुळे वयाच्या चाळिशीत आम्हाला या खेळाचा नाद लागला, आणि गेली तीसेक वर्षे तो सुटलेला नाही. आम्ही कोठल्याही क्लबाचे सभासद नाही. आमची सुट्टी शुक्रवारची, म्हणजे माग बंद असतात त्या दिवसाची. मैदाने तेव्हा मोकळी असतात आणि यजमानाला पाहुणा जड होत नाही. पुणे, चेंबूर, कलकत्ता, दिल्ली आणि एकदा साक्षात सेंट अँड्रूज, अशी मैदाने आम्ही या पाहुणेपणाच्या बळावर पाहिली. त्या वेळी लिहून ठेवलेल्या वह्या नुकत्याच चाळल्या. त्यांतून हा लेख निघाला. मैदानांची वर्णने त्यात येतीलच. परंतु त्या वह्यांत जे नव्हते, तेच अखेर अधिक महत्त्वाचे ठरले.

ठाणे जिल्ह्यातल्या वाचकाला 'वरकस' हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी थोडा खुलासा करतो. भाताच्या खाचरांच्या वरची, उताराची, हलकी जमीन ती वरकस. तिथे नाचणी-वरी होते, गवत वाढते, गुरे चरतात, आणि राब भाजण्यासाठी पाला व गवत तिथूनच येते. भाताच्या हिशेबी ती दुय्यम. पण तिच्यावाचून भातशेती चालत नसे. मुंबईत घोड्यांचे आणि म्हशींचे तबेले भरलेले होते त्या काळात आमच्या जिल्ह्याचे गवत गठ्ठे बांधून तिकडे जाई. गवताला मोल असते, हे आमच्या मुलखाला गोल्फने शिकवलेले नाही.

गोल्फच्या मूळ मैदानांना इंग्रजीत 'लिंक्स' म्हणतात. समुद्र आणि शेती यांच्या मधल्या वाळूच्या टेकाडांचा, नांगर न चालणारा पट्टा म्हणजे लिंक्स. तिथे मेंढ्या चरत, कोळी जाळी वाळवत, बायका धुणी सुकवत, आणि त्यांच्यातून वाट काढत काही माणसे काठीने चेंडू टोलवत. स्कॉटलंडची ही वरकसच म्हणायची. तिथल्या खळग्यांत वाऱ्यापासून आडोसा घेऊन बसणाऱ्या मेंढ्यांनी वाळू उघडी केली आणि त्यातून आजचे 'बंकर' झाले, असे परंपरा सांगते. खरेखोटे असो; पण हा खेळ कोणा शिल्पज्ञाने रेखलेल्या जागेत जन्मला नाही, गावाच्या सामाईक जमिनीवर जन्मला, एवढे निश्चित.

सेंट अँड्रूजचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १४५७ साली स्कॉटलंडच्या राजाने धनुर्विद्येच्या सरावात व्यत्यय येतो म्हणून गोल्फवर बंदी घातली होती. म्हणजे तेव्हाच हा खेळ राजाच्या डोळ्यांवर येण्याइतका पसरला होता. १५५२ साली तिथल्या आर्चबिशपने लिंक्सवर ससे पाळण्याचा हक्क घेतला. पण त्या सनदेत गावकऱ्यांचा तिथे गोल्फ आणि इतर खेळ खेळण्याचा हक्क मान्य केला गेला. पुढे १७६४ साली तिथल्या खेळाडूंनी बावीस होल्सची फेरी अठरांवर आणली. आज जगभर गोल्फची फेरी अठरा होल्सची असते ती त्यामुळे. १७९७ साली नगरपरिषद कर्जबाजारी झाली आणि ही जमीन तिच्या हातून गेली. लवकरच ती सशांच्या व्यापाऱ्यांकडे आली. सशांनी बिळे पाडून मैदान उद्ध्वस्त केले. गोल्फवाले आणि ससेवाले यांच्यात वर्षानुवर्षे भांडणे आणि खटले झाले. १८२१ साली जेम्स चीप नावाच्या शेजारच्या जमीनदाराने ती जमीन विकत घेऊन खेळ वाचवला. १८९४ साली संसदेच्या कायद्याने ती पुन्हा गावाकडे आली आणि १९७४ पासून एक सार्वजनिक विश्वस्त संस्था तिचा कारभार पाहते.

आम्ही तिथे गेलो तो रविवार होता. एडिंबर्गच्या एका नातलगाकडे उतरलो होतो आणि कोणी सांगितलेच नव्हते की रविवारी 'ओल्ड कोर्स' खेळासाठी बंद असतो. इतक्या दूर येऊन काठी हातात धरायची नाही, या विचाराने आम्ही खिन्न झालो. मग पाहिले तो मैदानावर सारे गाव लोटलेले. कोणी कुत्रे फिरवत होते, कोणी बाबागाडी ढकलत होते. पहिल्या आणि अठराव्या होलला छेदून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरून एक कुटुंब समुद्राकडे निघाले होते. स्विलकन ओढ्यावरचा तो इवलासा दगडी पूल, ज्याच्यावर जगातल्या प्रत्येक थोर खेळाडूचे छायाचित्र आहे, त्याच्या कठड्यावर एक पोर पाय हलवत बसले होते. कोणी कोणाला हटकत नव्हते. आम्हीही चालत गेलो. सतराव्या होलचा तो कुप्रसिद्ध बंकर पाहिला, एकेका विस्तीर्ण ग्रीनवर दोन-दोन होल्स कसे नांदतात ते पाहिले. वहीत आम्ही लिहिले आहे : 'खेळता आले नाही. दिवस वाया.' आज त्या ओळीची लाज वाटते. त्या मैदानाचे सर्वांत खरे दर्शन आम्हाला त्याच दिवशी घडले होते.

हा खेळ हिंदुस्थानात आला तो साम्राज्याच्या बोचक्यातून. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना. मुंबईचा १८४२ चा. मुंबईच्या या गोल्फवाल्यांनी सेंट अँड्रूजला एक रौप्यपदकही धाडले, ते तिथे मुंबईच्याच नावाने ओळखले जाते. तेव्हाचा चेंडू चामड्याच्या पिशवीत टोपीभर पिसे ठासून शिवलेला असे. कुशल कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चारच व्हायचे, म्हणून खेळ महाग. १८४८ च्या सुमारास मलायातल्या झाडांच्या चिकापासून, म्हणजे गटापर्चापासून, चेंडू घडू लागले आणि खेळ एकदम स्वस्त झाला. पिसांच्या चेंडूंचा नामांकित कारागीर ॲलन रॉबर्टसन याला ते रुचले नाही. त्याचा साहाय्यक टॉम मॉरिस नव्या चेंडूने खेळला म्हणून दोघांचे बिनसले आणि मॉरिस वेगळा झाला. हातमाग आणि यंत्रमाग यांचे भांडण ज्या गावाने पाहिले, त्या गावच्या माणसाला रॉबर्टसनची बाजू सहज कळते. याच गटापर्चाचे वेष्टन असलेल्या समुद्री तारांनी १८७० साली मुंबई लंडनशी जोडली गेली. एकच चीक; साहेबाचा चेंडूही त्याचा आणि साहेबाचा निरोपही त्यातूनच.

स्कॉटलंडमध्ये जो खेळ गावच्या जमिनीवर वाढला, तो इथे आल्यावर गावाच्या जमिनीवर राहिला नाही. मुंबईच्या एस्प्लनेड मैदानाची कथा प्रसिद्ध आहे. १८८० च्या दशकाच्या प्रारंभी युरोपियनांच्या पोलोच्या घोड्यांनी मैदान उकरले जाई, आणि तिथेच क्रिकेट खेळणाऱ्या पारशी व इतर एतद्देशीय मुलांनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ च्या आपल्या पुस्तकात हा लढा नोंदवून ठेवला आहे. पुढे मरीन लाइन्सच्या भरावावर पारशी, मुसलमान आणि हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या. क्रिकेट आपले झाले ते त्या भांडणातून. गोल्फसाठी मात्र कोणी अर्ज केला नाही. त्याला लागणारी जमीन इतकी अफाट, की ती मागण्याचे धाडस सामान्य माणसाला होणे शक्यच नव्हते. तो भिंतीआड गेला आणि तिथेच राहिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड विलिंग्डन यांनी महालक्ष्मीजवळ जो क्लब काढला, त्यात युरोपियनांबरोबर हिंदी माणसालाही प्रवेश होता. त्या काळी ही मोठीच गोष्ट. मात्र तो प्रवेश राजेरजवाड्यांना आणि शेटसावकारांना होता. भिंतीला दार पडले, एवढेच.

आता मैदानांविषयी. पुण्याचा क्लब १८८५ चा. येरवड्याच्या बाजूचे त्याचे मैदान उंचसखल, माळरानाचा स्वभाव न सोडलेले. लोहगावच्या विमानांचा आवाज डोक्यावर येतो तेव्हा हातातला पटर आपोआप थांबतो. दख्खनच्या कोरड्या मुलखात पूर्वी हिरवळ राखणे परवडत नसे. म्हणून होलभोवती तेल शिंपडलेल्या वाळूचे वर्तुळ करीत. त्याला 'ग्रीन' न म्हणता 'ब्राऊन' म्हणत. खेळाडूचा चेंडू वाळूवर आला की एक पोऱ्या लाकडी फळी ओढत पायांच्या खुणा पुसून वाट सपाट करी. देशातल्या काही लहानसहान मैदानांवर आम्ही असे ब्राऊन खेळलो आहोत. त्यावर चेंडू सरळ जातो, ठरल्या वेगाने जातो आणि खोड्या करत नाही. जाणकार त्याला हसतात. आम्हाला तो या मुलखाचा प्रामाणिक उपाय वाटतो. जिथे पाणी नाही तिथे पाणी असल्याचे सोंग त्यात नव्हते.

कलकत्त्याचे मैदान याच्या अगदी उलट. जमीन तळहातासारखी सपाट, आणि जिकडेतिकडे तळी. पहिल्या दिवशी आम्ही सात चेंडू पाण्यात घातल्याची नोंद वहीत आहे. या क्लबाची हौशी खेळाडूंची स्पर्धा १८९२ पासूनची. तिथे डोळ्यांना भुलवणारे काही नाही. पाणी नेमके कुठे आहे हे मारण्याच्या जागेवरून धड दिसत नाही, ही खरी परीक्षा. दिल्लीचे मैदान इतिहासाच्या अंगणातच आहे : झुडपांच्या दाट भिंतींमधून अरुंद वाट काढायची, वाटेत मोर आडवे येतात, आणि 'लाल बंगला' नावाच्या मोगलकालीन मकबऱ्यांच्या सान्निध्यात चेंडू हरवतो. पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेले ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन यांचा १९६४ साली इंडियन ओपन सुरू होण्यात मोठा वाटा होता. पहिली स्पर्धा दिल्लीत झाली आणि जिंकलीही त्यांनीच. दुसऱ्याच वर्षी कलकत्त्यात ती पी. जी. सेठी या हौशी भारतीय खेळाडूने जिंकली. थॉमसन यांनी पुढे दिल्लीच्या आणि चेंबूरच्या मैदानांची पुनर्रचना केली. दिल्लीचे २०१९ मध्ये गॅरी प्लेअर यांनी पुन्हा बदलले.

या साऱ्या मैदानांवर एक गोष्ट समान आढळली, ती गवत. आपल्याकडच्या ग्रीन्सवर बहुधा ज्याला इंग्रजीत 'बर्म्युडा' म्हणतात त्या जातीचे किंवा त्याच्या संकराचे गवत असते. ही बर्म्युडा म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा. ज्या हरळीच्या नावाने शेतकरी बोटे मोडतो, जी खणून काढण्यात कुळंब्याच्या पिढ्या वाकल्या, तिलाच इथे पाणी घालून, खत घालून, रोज भादरून मखमलीसारखे जपतात. मखमल हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. कापडाच्या धंद्यात मखमलीवर हात फिरवून रोवेची दिशा पाहतात : एका बाजूने ती चमकते, दुसऱ्या बाजूने काळवंडते. ग्रीनचेही तसेच. गवत चमकदार दिसले तर ते आपल्यापासून पलीकडे झुकलेले आहे, चेंडू पळणार. गडद दिसले तर ते आपल्याकडे झुकलेले, चेंडू अडणार.

हे आम्हाला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. एका मैदानावर आमची बॅग वाहणाऱ्या कॅडीने शिकवले. चार फुटांवरून आमचा पट तिसऱ्यांदा कमी पडला तेव्हा तो हळूच म्हणाला, "साहेब, उतार नका बघू, हरळी बघा. ती तुमच्याकडं तोंड करून बसलीय." वाक्य वहीत जसेच्या तसे आहे. सांगणाऱ्याचे नाव नाही.

येथे आमच्या वह्यांचा खरा दोष येतो. त्यांत प्रत्येक होलचे अंतर आहे, वाऱ्याची दिशा आहे, कोणत्या आयर्नने कुठे पोचलो ते आहे, यजमानाने दिलेल्या चहाची तारीफ आहे. तीस वर्षांत आमची बॅग ज्यांनी उचलली त्यांपैकी एकाचेही नाव नाही. आम्ही काही एकटेच असे नाही. मैदानांची वर्णने लिहिण्याची इंग्रजीत मोठी परंपरा आहे. चार्ल्स डार्विनचा नातू बर्नार्ड डार्विन वकिली सोडून गोल्फचा लेखक झाला. ब्रिटिश बेटांतल्या मैदानांवरचे त्याचे १९१० चे पुस्तक या परंपरेचे शिखर मानतात. ते आम्ही आवडीने वाचले आहे, पुन्हा वाचू. या प्रकारच्या लेखनात भूमी जिवंत असते, वारा जिवंत असतो, बंकरला तर स्वभावच असतो. गवत कापणारा आणि बॅग वाहणारा मात्र बहुधा पार्श्वभूमीला उभा असतो. आम्ही त्या परंपरेचे अनुकरण केले, आणि त्यातली उणीवही इमानेइतबारे उचलली.

ही उणीव केवळ सौजन्याची नव्हे, इतिहासाची आहे. भारतीय गोल्फचा व्यावसायिक इतिहास बऱ्याच अंशी या पार्श्वभूमीतल्या माणसांनी घडवला. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला; १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली. २००९ चा विजेता सी. मुनियप्पा हाही बंगळूरचा कॅडीच. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे ती जिंकणारा एस. एस. पी. चौरसिया हा कलकत्त्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कामगाराचा मुलगा. अनेक क्लबांत कॅडींना आठवड्यातून एखाद्या दिवशी खेळण्याची मुभा असते. त्या एका दिवसाच्या फटीतून ही माणसे बाहेर आली. जिथे ही फट नव्हती तिथे किती हात तसेच राहिले असतील, याचा हिशेब कोण देणार?

चेंबूरचे मैदान १९२७ सालचे. मुंबईसारख्या शहरात एवढी मोकळी जमीन पाहून प्रथम छाती भरून येते आणि मग दडपते, कारण भिंतीपलीकडे खोल्यांना खोल्या लागलेल्या दिसतात. त्या वस्तीतल्या कॅडींनी आणि त्यांच्या पोरांनी आपला निराळाच गोल्फ काढला, हे आता देशोदेशीच्या वृत्तपत्रांतून छापून आले आहे. बांधकामाची सळई वाकवून काठी करायची, मुठीला रबरी नळी चढवायची, प्लास्टिकचा चेंडू घ्यायचा आणि बोळांतून, गटारांवरून, पत्र्यांच्या कडेने खेळायचे. आम्ही एकदा फेरी संपवून निघालो असता हा खेळ उभ्या उभ्या पाहिला. एका मुलाने दोन भिंतींच्या मधून, धुण्याच्या दोरीखालून चेंडू असा काढला की आमच्या यजमानांच्या तोंडून 'वाहवा' निघून गेली. मेंढ्या, जाळी आणि वाळत घातलेली धुणी यांच्यातून वाट काढणारे ते जुने स्कॉटिश गावकरी आम्हाला तेव्हा आठवले नाहीत. ते आज, लिहिताना, आठवतात. खेळाच्या उगमाशी अधिक जवळ कोण होते, भिंतीच्या आतले आम्ही की बाहेरची ती पोरे, याचे उत्तर आम्हाला अवघड वाटत नाही.

याचा अर्थ मैदाने मोडून टाका, असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईत जी जमीन गोल्फखाली आहे ती निदान जमीन म्हणून शिल्लक आहे. पाऊस तिच्यात मुरतो, पाखरे तिथे उतरतात. भिंत पाडली आणि त्या जागी मनोरे उभे राहिले, तर भिंतीबाहेरच्या पोरांना काय मिळाले? प्रश्न जमीन राहण्याचा आहे, तसाच ती कोणासाठी राहते याचाही आहे. सेंट अँड्रूजने दोन्हींचे उत्तर एकाच व्यवस्थेत दिले : जमीन गावाची, खेळ शुल्क देईल त्याचा, आणि आठवड्याचा एक दिवस सर्वांचा. सिडकोने खारघरला सभासदत्वावाचून, शुल्क भरून खेळता येईल असे मैदान केले, हे त्या दिशेचे एक पाऊल. शुल्क सर्वांना झेपेल असे नाही. तरीही दारावर 'तुम्ही कोणाचे पाहुणे?' असे विचारले जात नाही, याचे मोल आमच्यासारख्या आजन्म पाहुण्याला विशेष कळते.

भिवंडीत आमच्या लहानपणी विटीदांडू वरकसवर रंगे. विटी जिथे पडेल तिथून दांडूने अंतर मोजायचे. खाचरात गेली तर चिखलातून काढायची आणि त्याबद्दल गुणांत सूट नाही. जिथे पडेल तिथूनच खेळायचे, हाच गोल्फचाही मूळ धर्म. ती वरकस आता गोदामांखाली आहे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर असल्याने काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या बाजूला गोदामे वाढत गेली. २०१७ मध्ये जकात गेली, पण गोदामे वाढतच राहिली. त्यांनी पुष्कळांना भाकरी दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमचाही माल तिथे पडलेला असतो. मात्र या जमिनीचा सौदा होताना तिच्यावर खेळण्याचा कोणाचा हक्क होता, असे कोणत्याही कागदात लिहिलेले आम्ही पाहिले नाही. १५५२ सालच्या त्या सनदेत आर्चबिशपच्या सशांबरोबर गावकऱ्यांच्या खेळाचाही उल्लेख होता. आमच्या सातबाऱ्यावर पीक असते, बोजा असतो. खेळाचा रकाना नसतो.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही चेंबूरला गेलो होतो. आता अठरा होल्स होत नाहीत, नऊवर थांबतो. बॅग उचलायला आलेल्या तरुणाला प्रथमच नाव विचारले. तो जरा बावरला. तक्रार करायची आहे की काय, असे त्याला वाटले असावे. नाव त्याने सांगितले. ते त्याचे खाजगी, म्हणून येथे देत नाही. आमच्या वहीत मात्र त्या दिवसाच्या पानावर ते पहिल्या ओळीत आहे, गुणांच्या वर.